वाल सांडल्याची गोष्ट

कर्जतच्या बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानावर माझा इंग्रजी संभाषणाचा वर्ग आहे. जिना अरुंद आहे, वर एक लांबट खोली, त्यात सव्वीस प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पांढरा फळा. खोपोलीच्या कारखान्यातली कारकुनी सोडल्यावर मी हा वर्ग काढला. येणारे बहुतेक आसपासच्या रिसॉर्टांत, फार्महाउसांवर आणि दुकानांत काम करणारे. त्यांना व्याकरण नको असतं. समोरच्या पाहुण्याशी चार वाक्यं न अडखळता बोलता यायला हवीत, एवढंच.

वर्ग चालला तो मात्र शुक्रवारमुळे. शुक्रवारी मी एक इंग्रजी वाक्प्रचार फळ्यावर लिहायचो आणि तो कुठून आला याची गोष्ट सांगायचो. तुटक वागण्याला ‘कोल्ड शोल्डर’ का म्हणतात, ऐनवेळी वाचण्याला ‘सेव्ह्ड बाय द बेल’ का म्हणतात, साधं ‘ओके’ कुठून आलं. पावसापाण्यातसुद्धा शुक्रवारी खुर्च्या कमी पडायच्या. लोक खिडकीच्या कट्ट्यावर बसायचे. मी गोष्ट रंगवून सांगतो. तो गुण माझ्यात आहे, आणि त्या गुणाबद्दलच हे लिहितो आहे.

या गोष्टी मला कुठून मिळाल्या? बऱ्याचशा फोनवर आलेल्या. कोणीतरी पुढे ढकललेल्या, खाली हात जोडल्याची चित्रं असलेल्या. मी त्या कधी तपासल्या नाहीत. गोष्ट चांगली असली की ती खरी आहे, असं मी धरून चालायचो. आणि ज्या आठवड्यात फोनवर काही आलेलं नसायचं, त्या आठवड्यात मी गोष्ट स्वतः रचायचो. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही.

आणखी एक गोष्ट मी लपवलेली होती. मी खालापूरकडचा. आमचं गाव तिथल्या धरणाच्या अलीकडे, भाताची शेती, घरात सगळे ‘हाय’ आणि ‘नाय’ बोलणारे. कारखान्यात लागलो तेव्हा साहेबांसमोर ते बोलणं मी जिभेवरून घासून काढलं. वर्ग काढला तेव्हा लोकांनी धरलं की मी पुण्याचा किंवा दादरचा असेन, आणि मी ते धरू दिलं. सुरुवातीच्या वर्षांत, वर्ग चालू असताना आईचा फोन आला तर मी जिन्यात जाऊन बोलायचो, तेही दरवाजा ओढून घेऊन.

आता माझ्या वर्गातल्या एका बाईंबद्दल. त्या कळंबच्या. वय पस्तिशीचं. घरची भातशेती, नवरा टेंपो चालवायचा आणि त्या स्वतः गावालगतच्या एका रिसॉर्टमध्ये जेवणाच्या हॉलमध्ये वाढायचं काम करायच्या. आठवड्यातून तीन दिवस त्या सहा आसनी रिक्षाने कर्जतला यायच्या. पहिल्या रांगेत बसायच्या आणि दोनशे पानी वहीत सगळं उतरवून घ्यायच्या. माझं बोलणं थांबलं तरी त्यांचं पेन थांबत नसे. प्रश्न मात्र विचारायच्या नाहीत.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’च्या दिवशी.

मी गोष्ट सांगत होतो. जुन्या काळी इंग्लंडमध्ये घरांवर गवताची छपरं असत. थंडीवाऱ्यात कुत्री-मांजरं उबेसाठी त्या गवतात शिरून बसत. जोराचा पाऊस आला की गवत निसरडं होई आणि ती वरून धपाधप खाली पडत. म्हणून मुसळधार पावसाला म्हणतात, कुत्री-मांजरं पडताहेत. मी धपाधप पडायचा अभिनयही केला. सगळे हसले.

त्यांनी हात वर केला.

“सर, एक विचारू? आमचं घर गवतानंच शाकारल्यालं व्हतं. माझं लग्न झालं तवा. पाऊस लागला की मांजर छपरावर कशाला जाईल? ती चुलीपाशी येऊन बसते. आन् कुत्रं तर वर चढतच नाय.” मग त्या म्हणाल्या, “आन् गवत नीट शाकारलं ना सर, की पाणी आत जिरत नाय. वरच्या वर वघळून जातं. आत उब घ्यायला जागाच नाय.”

प्रश्न बिनतोड होता. माझ्या आजोळी तसंच छप्पर होतं आणि मी लहानपणी माणसांना ते शाकारताना पाहिलं होतं, तेव्हा तो बिनतोड आहे हे मला त्याच क्षणी कळलं. मी म्हणायला हवं होतं की होय बाई, हे माझ्या लक्षात आलं नाही, शोधून सांगतो.

त्याऐवजी मी कमरेवर हात ठेवले, मान तिरकी केली आणि त्यांच्यासारखा आवाज काढून म्हणालो, “आवो बाय, हितं कळंबची मांजर नाय, विलायतेची मांजर हाय! तिला चूल कुठं ठावं हाय?”

सगळा वर्ग हसत सुटला. एका मुलाने तर बाक नव्हता म्हणून खुर्चीवरच हात आपटले. त्यासुद्धा हसल्या. मान खाली घालून हसल्या आणि वहीत लिहायला लागल्या. मी जे सांगितलं तेच त्या लिहीत होत्या. मला तेव्हा काही वाटलं नाही असं नाही. पण वर्ग हसत होता आणि मला पुढचं वाक्य सुचलेलं होतं.

त्यानंतर त्यांनी बरेच दिवस काही विचारलं नाही. पण येणं सोडलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी माझ्याकडे गोष्ट नव्हती. वाक्प्रचार ठरवलेला होता, ‘स्पिल द बीन्स’, म्हणजे गुपित फोडणं. शब्दशः, बिया सांडणं. उगम माहीत नव्हता. मी जिना चढता चढता गोष्ट रचली. जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, वर पोचेपर्यंत ती तयार होती.

इंग्लंडमधल्या एका मोठ्या घरच्या मालकिणीला संशय आला की तिच्या घरातलं बोलणं शेजारच्या घरी पोचतं. घरात चार मोलकरणी. तिने चौघींना ओळीने बसवलं, प्रत्येकीच्या मांडीवर शेंगांची परडी दिली आणि सोलायला सांगितलं. मग ती एकेकीसमोर उभी राहून हळू आवाजात विचारू लागली, काल तू कुठे गेली होतीस? तिघी सोलत राहिल्या. चौथीचे हात थरथरले, परडी कलंडली आणि बिया फरशीभर झाल्या. तेव्हापासून गुपित फुटलं की म्हणतात, बिया सांडल्या.

त्या बाईंचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या हात वर न करता बोलल्या.

“सर, हे अगदी खरं हाय. माझी सासू असंच वलखते. वाल सोलाया बसवते आन् मग इचारते. हात थांबला की तिला कळतं.”

वर्गातल्या दोन-तीन बायका “व्हय, व्हय” म्हणाल्या. मीही म्हणालो, “बघा, माणूस इथून तिथून सारखाच.” मला फार बरं वाटलं. मांजराच्या दिवसाची भरपाई झाली, असंही मनात येऊन गेलं. ती गोष्ट त्यांनी वहीत लिहिली आणि तिच्याभोवती चौकट काढली. मी ती चौकट पाहिली होती.

थंडीत त्यांच्या रिसॉर्टचा मॅनेजर मला भेटायला आला. तरुण होता, मुंबईहून आलेला. म्हणाला, “सर, आमच्या स्टाफमध्ये तुमच्या त्या ताई एकदम बदलल्या आहेत. पाहुण्यांशी बोलतात, जेवणातल्या पदार्थांची माहिती देतात. मी त्यांना वाढपातून काढून पाहुण्यांचं स्वागत बघायला देणार आहे. रविवारी दुपारी या ना जेवायला. तुम्हीच बघा. आणि आपलं जमलं तर सगळ्या स्टाफला तुम्हीच शिकवा.”

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

हॉलमध्ये तीस-चाळीस पाहुणे होते. माझी जागा एका मोठ्या टेबलावर, मॅनेजरच्या शेजारी. समोर एक वयस्कर बाई, पांढऱ्या केसांच्या, मुलासुनेबरोबर आलेल्या. ओळख करून देताना मॅनेजर म्हणाला की त्यांनी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. मला त्याच वेळी सावध व्हायला हवं होतं, पण मी खुशीत होतो.

त्या दिवशी वालाचं बिरडं होतं, तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ. कळंबच्या बाई हिरव्या साडीत, केसांत अबोली, टेबलाच्या टोकाशी उभ्या राहिल्या. पाहुण्यांना त्यांनी इंग्रजीत सांगितलं की हे वाल इथल्याच शेतातले, भात कापल्यावर त्याच जमिनीत पेरतात, भिजवून मोड आणून एकेक हाताने सोलतात. काळ दोन ठिकाणी चुकले, पण एकही वाक्य अडलं नाही. लोक मन लावून ऐकत होते. मला अभिमान वाटत होता, आणि त्यात माझाच वाटा मोठा आहे असं वाटत होतं.

मग त्या म्हणाल्या, इंग्रजीतही वालाची एक गोष्ट आहे. आणि त्यांनी माझी गोष्ट सांगितली. मालकीण, चार मोलकरणी, परडी, थरथरणारे हात. माझ्यापेक्षा चांगली सांगितली. शेवटी हातातला रिकामा वाडगा त्यांनी असा कलंडवला की दोन लहान मुलं वाकून फरशीकडे बघायला लागली.

टाळ्या झाल्या. पांढऱ्या केसांच्या बाईही टाळ्या वाजवत होत्या. मग त्यांनी अगदी मायेने मराठीत विचारलं, “किती सुंदर सांगितलंत हो! पण ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. माझ्या माहितीप्रमाणे तो वाक्प्रचार फार जुना नाही, अमेरिकेतला असावा, आणि तो नक्की कुठून आला ते कोणालाच ठाऊक नाही. तुम्ही कुठे वाचलंत?”

त्यांच्या मुलाने तोवर फोन काढून शोधायला सुरुवात केली होती. “इथे तर असं काहीच नाही,” तो म्हणाला, आणि हसला. वाईट मनाने नाही, पण हसला.

कळंबच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत शंका नव्हती. सर सांगतील आता, एवढंच होतं.

मॅनेजरही माझ्याकडे वळला. “सर, तुमच्या वर्गातलीच ना ही?”

मी इंग्रजीत म्हणालो, हे मी कधी शिकवलेलं नाही. त्यांचा काहीतरी घोळ झाला असेल.

इंग्रजीत का म्हणालो? कदाचित त्यांना कळू नये म्हणून. पण त्यांना कळलं. मीच तर शिकवलं होतं.

कळंबच्या बाई त्या कॉलेजच्या बाईंकडे वळून म्हणाल्या, “सॉरी मॅडम. माझंच ऐकण्यात चुकलं असेल.” आणि वाडगा घेऊन स्वयंपाकघराकडे गेल्या. पांढऱ्या केसांच्या बाई घाईघाईने म्हणाल्या, “अहो, चुकलं काही नाही, गोष्ट छानच होती,” पण ते ऐकायला त्या तिथे नव्हत्या. मॅनेजर पुटपुटला, “जरा घाईच केली मी.” मी ताटातलं बिरडं खात राहिलो. सगळं संपवलं. पुन्हा वाढायला दुसरीच मुलगी आली.

सोमवारी त्या वर्गाला आल्या नाहीत. बुधवारी नाहीत, शुक्रवारीही नाहीत. त्यांच्या गावच्या एका मुलीकडून कळलं की त्यांना वाढपावरच ठेवलंय आणि स्वागताच्या जागी मुंबईची एक मुलगी आली आहे.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा माझ्या गोष्टी तपासायला बसलो. फोनवरचं नाही, नीट. शब्दकोश करणाऱ्या लोकांनी लिहिलेलं शोधून वाचलं. चार दुपारी गेल्या. कोल्ड शोल्डरची गोष्ट खोटी. ‘सेव्ह्ड बाय द बेल’ची, थडग्यातून घंटा वाजवून वाचलेल्या मुडद्याची गोष्ट खोटी, तो शब्द मुष्टियुद्धातला. ओकेसाठी मी लढाईची मोठी हृदयद्रावक कथा सांगायचो. खरं एवढंच होतं की वर्तमानपत्रवाल्यांनी गंमत म्हणून मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं छापली आणि ती रूढ झाली. ते मी पूर्वी एकदा वाचलंही होतं. साधं वाटलं म्हणून सोडून दिलं होतं.

आणि कुत्री-मांजरं. छपराची गोष्ट कोणीतरी थट्टा म्हणून लिहिली आणि ती जगभर फिरली. ती खोटी कशी, हे एका अभ्यासकाने समजावून दिलं होतं. पावसात जनावर छपराच्या बाहेरच्या बाजूला कशाला बसेल? नीट शाकारलेल्या गवतात पाणी जिरत नाही. मी ते वाक्य वाचलं आणि खुर्चीत मागे टेकलो. घरात मी एकटाच होतो, तरी मी इकडेतिकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकल काढून कळंबला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. आता सिमेंटचं होतं, वर पत्रा, पुढे शेणाने सारवलेली ओटी. ओटीवर त्यांची सासू बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाली, “मास्तर व्हय? बसा की वो,” आणि आत हाक मारली.

त्या आल्या. मला पाहून डोक्यावरचा पदर नीट केला. पाणी आणून दिलं. मी उभाच होतो.

“मी माफी मागायला आलो,” मी म्हणालो. “ती गोष्ट मीच सांगितली होती. मी खोटं बोललो. आणि गोष्टही खोटीच होती, मी रचलेली.”

“गोष्ट मी लिवून घेतल्याली हाय, सर,” त्या म्हणाल्या. “मला ठावं हाय कुनी सांगितली ते.”

मग त्या आत गेल्या आणि वही घेऊन आल्या. एक पेनही आणलं.

“बसा. यातली खरी कुठली नि खोटी कुठली तेवढं सांगा. मी हितल्या बायांना सांगितल्यात सगळ्या. आता त्यास्नी जाऊन सांगाया पायजे.”

मी ओटीवर बसलो. त्या एकेक पान उघडून वाचत होत्या आणि मी सांगत होतो. “खोटी.” “ही पण खोटी.” “ही माहीत नाही.” “ही खरी, जहाजांवरची.” “खोटी.” त्या प्रत्येक खोटीवर एक सरळ रेघ मारायच्या, पट्टी न घेता, पण एकदम सरळ. सासू पायावर हात फिरवत ऐकत होती. मधेच म्हणाली, “येवढं खोटं कशाला सांगत व्हतासा, मास्तर?” मी पुढच्या पानाकडे बोट केलं. चौकटीतल्या गोष्टीचं पान आलं तेव्हा त्यांनी वाचलंच नाही. रेघ मारली आणि पान उलटलं.

बत्तीस गोष्टींतल्या नऊ उरल्या.

मी म्हणालो, “छपराचं तुम्ही त्या दिवशी बरोबर बोलला होतात. मोठमोठ्या अभ्यासकांनी तेच लिहिलंय.”

“ते काय लिवल्यालं वाचून ठावं व्हत नाय, सर,” त्या म्हणाल्या. मग वही मिटून म्हणाल्या, “गोष्टीचं जाऊ द्या. त्या दिवशी तुमी माझ्यासारखं बोलून दाखवलं. सगळी हसली.”

“चुकलं माझं.”

“नाय, तसं नाय. मी घरी येताना इचार करत व्हते. बाहेरच्या मानसाला आमचं बोलनं येवढं बरोबर जमत नाय. मुंबईची पोरं नक्कल करतात ना, ती खोटी वाटते. तुमची खरी व्हती.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी हिकडचंच ना, सर?”

“खालापूरकडचा,” मी म्हणालो.

सासू एकदम पुढे सरकली. “खालापुरात कुठं रं? माझी धाकटी भन तिकडं दिल्याली हाय.”

तिने मला ‘रं’ म्हटलं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून मला कोणी तसं म्हटलं नव्हतं. उत्तर त्याच बोलीत ओठांवर आलं होतं. पण ते बोललो असतो तर पुन्हा नक्कल केल्यासारखं झालं असतं. मी शुद्ध मराठीत गावाचं नाव सांगितलं. म्हातारी पुन्हा मागे सरकली.

तिथून मी थेट रिसॉर्टवर गेलो आणि मॅनेजरला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. “सर, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय,” तो म्हणाला. “छोटी गोष्ट आहे. आता ती जागा भरली, आणि त्या मुलीला काढणं बरं दिसणार नाही.” जाताना त्याने विचारलं, “मग स्टाफचं शिकवणं कधीपासून सुरू करायचं?” मी नाही म्हणालो. हे सांगताना मला चांगलं वाटतं, म्हणून तेही लिहून ठेवतो की त्यामुळे त्या बाईंचं काहीच भलं झालं नाही.

पुढच्या शुक्रवारी वर्गात मी खोट्या गोष्टींची यादी फळ्यावर लिहिली. कोणी चिडलं नाही. एकजण म्हणाला, “सर, पण ऐकायला मजा यायची,” आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. कळंबच्या बाईंबद्दल मी वर्गात बोललो नाही. बोलायला हवं होतं. हसलेले बरेचजण समोरच बसलेले होते.

त्या परत आल्या नाहीत. ते रिसॉर्टही त्यांनी उन्हाळ्यात सोडलं. आता त्या सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या पाहुण्यांना कोंडाण्याची लेणी दाखवायला नेतात, असं कळलं होतं.

गेल्या महिन्यात मी कोंडाण्याच्या वाटेवर एका ओळखीच्या माणसाकडे गेलो होतो. परतताना समोरून दहा-बाराजणांचा घोळका येताना दिसला, बूट चिखलाने भरलेले, दोघे परदेशी. पुढे त्या होत्या. इंग्रजी बोलत होत्या, मोठ्याने, हातवारे करत. वाक्याच्या शेवटी मधूनच ‘हाय ना’ येत होतं आणि तो परदेशी माणूसही “हाय ना” म्हणून मान डोलवत होता. त्या हसल्या, पुन्हा काहीतरी म्हणाल्या, आणि सगळे हसले.

मी गाडी बाजूला घेतली आणि रसवंतीच्या पडद्याआड जाऊन उभा राहिलो. रसवाल्याने विचारलं, “एक ग्लास?” मी मान डोलावली. त्या अगदी जवळून गेल्या, त्यांचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत मी रसाकडे बघत राहिलो. मग पैसे दिले आणि रस तसाच ठेवून निघालो.